पासपोर्ट नवा, व्हिसा जुन्यात: परदेशात राहताना नेमकं काय करायचं?

पासपोर्ट संपत आला की परदेशात राहणाऱ्या माणसाला पासपोर्टापेक्षा त्यातल्या व्हिशाची काळजी जास्त लागते. पासपोर्टाची मुदत एक, व्हिशाची दुसरी, आणि इकामा (सौदीतलं राहण्याच्या परवान्याचं ओळखपत्र) किंवा वर्क परमिटची तिसरीच. या तीन तारखा एकाच दिवशी संपतील असं सहसा होत नाही. मग प्रश्न सुरू होतात. जुन्या पासपोर्टातला शिक्का नव्यात कसा आणायचा? कुठे अर्ज करायचा? तोवर भारतात जाऊन येता येईल का? मस्कतपासून न्यू जर्सीपर्यंत मराठी मंडळांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर हे प्रश्न दर आठवड्याला येतात. उत्तरंही येतात, पण दुबईवाल्याचं उत्तर डॅलसवाल्याला आणि लंडनवाल्याचं रियाधवाल्याला. घोळ तिथेच होतो, कारण प्रत्येक देशाची पद्धत मुळातच वेगळी आहे.

म्हणून कुठलाही फॉर्म उघडण्याआधी एक गोष्ट ओळखा: तुमचा प्रवेशाचा किंवा राहण्याचा परवाना राहतो कुठे?

तो तीनपैकी एका ठिकाणी असतो. पासपोर्टाच्या पानावर चिकटवलेला, जसा अमेरिकेचा व्हिसा. वेगळ्या कार्डावर, जसा अमिरातीचा एमिरेट्स आयडी, सौदीचा इकामा किंवा जर्मनीचं राहण्याचं कार्ड. किंवा फक्त सरकारच्या संगणकात, जसा ब्रिटनचा ई-व्हिसा किंवा ऑस्ट्रेलियाचा व्हिसा. पानावरचा असेल तर जुनी पुस्तिका जिवापाड सांभाळायची. कार्डावरचा असेल तर कार्डामागच्या नोंदीत नवा पासपोर्ट क्रमांक घालून घ्यायचा किंवा कार्डच नवं काढायचं. संगणकातला असेल तर खात्यात जाऊन नवा पासपोर्ट जोडायचा. शिक्का उचलून नव्या पुस्तिकेत मारून देण्याची जुनी पद्धत बहुतेक मोठ्या देशांत आता उरलेली नाही. ज्याला आपण ‘व्हिसा ट्रान्सफर’ म्हणतो, ती बहुतेक ठिकाणी नोंदीची दुरुस्ती असते.

पहिली पायरी: वेळ आणि प्रवास आधी ठरवा

भारतीय पासपोर्टची मुदत संपण्याआधी एक वर्षापर्यंत पुन्हा जारी करण्याचा अर्ज करता येतो. माझा आग्रह आहे की नऊ-दहा महिने शिल्लक असतानाच हे काम हातात घ्यावं. अनेक देश आणि विमान कंपन्या प्रवासाच्या दिवशी सहा महिन्यांची मुदत मागतात, त्यामुळे दहा वर्षांचा पासपोर्ट प्रत्यक्षात साडेनऊ वर्षांचाच धरायला हवा. शिवाय आखाती देशांत मालक व्हिसा नूतनीकरण करायला घेतो तेव्हाही पासपोर्टात पुरेशी मुदत लागते. तिथे पासपोर्ट अडला की व्हिसा अडतो आणि दंडाचं मीटर सुरू होतं.

अर्ज परदेशातून करायचा असेल तर तो भारतीय दूतावास किंवा वाणिज्य दूतावासाच्या पासपोर्ट सेवा पोर्टलवर भरायचा आणि कागदपत्रं व्हीएफएस ग्लोबल, बीएलएस इंटरनॅशनल अशा नेमलेल्या केंद्रात द्यायची. काही देशांत मूळ पासपोर्ट अर्जाबरोबरच द्यावा लागतो, काही ठिकाणी नवा घ्यायला जाताना. पहिला प्रकार असेल तर मधले आठवडे तुम्ही देशाबाहेर पडू शकत नाही. गणपतीला किंवा दिवाळीला गावी जायचं तिकीट काढलेलं असताना अर्ज टाकणं म्हणजे दोन्हीकडून अडकणं. घरात कोणाची तब्येत नाजूक असेल तर अर्जाची तारीख त्या हिशोबानेच निवडा.

पुस्तिका निवडताना ६० पानांची घ्या. ३६ पानी पासपोर्ट आखाती देशांतून वारंवार ये-जा करणाऱ्याचा मुदतीआधीच भरतो, आणि मग पानं संपल्याच्या कारणाने हाच सगळा व्याप मुदत शिल्लक असताना पुन्हा करावा लागतो. भारतात ३६ पानी पुस्तिकेचं सरकारी शुल्क १५०० रुपये आणि ६० पानीचं २००० रुपये आहे. एवढ्याशा फरकासाठी तो त्रास ओढवून घेऊ नये.

आखाती देशांत असाल आणि जुन्या पासपोर्टावर ईसीआर (ठरावीक देशांत नोकरीला जाण्याआधी सरकारी मंजुरी लागते असा शेरा) असेल, तर तो काढून घेण्याची हीच वेळ आहे. दहावी पास असाल किंवा परदेशात एकूण तीन वर्षांपेक्षा जास्त राहिला असाल, तर तुम्ही नॉन-ईसीआर गटात बसता. पंधरा-पंधरा वर्षं कुवेतला काढलेली माणसं अजून ईसीआर पासपोर्ट घेऊन फिरताना दिसतात, कारण त्यांना हे कोणी सांगितलेलंच नसतं. अर्जात तो पर्याय निवडून दहावीचं प्रमाणपत्र किंवा परदेशातल्या वास्तव्याचे पुरावे जोडा.

दुसरी पायरी: नावाला हात लावण्याआधी दहादा विचार

या पायरीवर मराठी घरांतले लोक सगळ्यात जास्त अडकतात, म्हणून थोडं सविस्तर.

आपल्याकडे मधलं नाव वडिलांचं असतं आणि लग्नानंतर बाईचं मधलं नाव आणि आडनाव दोन्ही बदलण्याची रीत आहे. पासपोर्टात स्वतःचं नाव आणि वडिलांचं नाव मिळून ‘गिव्हन नेम’च्या रकान्यात जातं आणि आडनाव ‘सरनेम’च्या. व्हिसाही त्याच दोन रकान्यांवरून छापला जातो. आता लग्नानंतरच्या पहिल्या नूतनीकरणात घरचे म्हणतात, “आता पासपोर्ट करतेच आहेस तर नाव पण बदलून घे.” ती बदलते. वडिलांच्या नावाच्या जागी नवऱ्याचं नाव, माहेरच्या आडनावाच्या जागी सासरचं. नव्या पासपोर्टावर आणि जुन्यातल्या व्हिशावर मिळून स्वतःच्या पहिल्या नावाखेरीज एकही शब्द जुळत नाही. विमानतळावरच्या कर्मचाऱ्याच्या दृष्टीने ही दोन वेगळी माणसं आहेत.

अमेरिकेचं परराष्ट्र खातं अशा वेळी नव्या नावाने नवा व्हिसा घेण्याचीच शिफारस करतं. म्हणजे मुदत शिल्लक असलेला चांगला व्हिसा हातात असून पुन्हा अपॉइंटमेंटची रांग.

कायद्याने लग्नानंतर नाव बदलण्याची सक्ती नाही. नाव तेच ठेवून पासपोर्टाच्या शेवटच्या पानावर जोडीदाराचं नाव घालून घेता येतं आणि डिपेंडंट व्हिशासाठी नातं दाखवायला त्या पानाचा आणि विवाह प्रमाणपत्राचा उपयोग होतो. सध्याच्या व्हिशाची मुदत बरीच शिल्लक असेल तर नाव, जन्मतारीख, जन्मस्थळ यांपैकी काहीही या फेरीत बदलू नका. बदलायचंच असेल तर व्हिसा संपत येईल त्या सुमाराला बदला, म्हणजे पुढचा व्हिसा आपोआप नव्या नावावर येईल. आणि मध्ये आधीच बदललं असेल तर विवाह प्रमाणपत्र किंवा राजपत्रातली नावबदलाची नोंद प्रवासात हातातल्या पिशवीत ठेवा, चेक-इन केलेल्या बॅगेत नको.

आडनावाचा रकाना कोरा असलेले पासपोर्ट आपल्याकडे पुष्कळ आहेत. सगळं नाव एकाच रकान्यात कोंबलेलं. अमिरातीने नोव्हेंबर २०२२ पासून व्हिजिट आणि टुरिस्ट व्हिशावर ज्यांवर नाव म्हणून एकच शब्द आहे असे एकनावी पासपोर्ट घ्यायचं बंद केलं. आई-वडिलांना दुबईला बोलवायचं असेल तर त्यांचे पासपोर्ट आजच उघडून पाहा.

तिसरी पायरी: जुनी पुस्तिका हातातून सोडण्याआधी

प्रत्येक पानाचा स्कॅन घ्या. कोऱ्या पानांचाही. फोटोचं पान, शेवटचं पान, प्रत्येक व्हिसा, शेवटच्या प्रवेशाचा शिक्का. फोनमध्ये फोटो काढून भागत नाही, अक्षरं आणि व्हिशाखालच्या त्या दोन ओळींचे कोड स्पष्ट वाचता येतील असा स्कॅन हवा. तो ईमेलवर आणि घरच्या एका माणसाकडे ठेवा.

अर्ज देताना केंद्रावरच्या माणसाला तोंडी सांगा आणि अर्जासोबत एका ओळीचं पत्रही जोडा: “या पासपोर्टात अमुक देशाचा अमुक तारखेपर्यंत वैध व्हिसा आहे, पासपोर्ट रद्द करताना ते पान खराब होऊ नये आणि जुना पासपोर्ट परत मिळावा.” जुना पासपोर्ट रद्द करताना कव्हराचा कोपरा कापतात किंवा रद्दचा शिक्का मारतात. कात्री जरा आत गेली आणि व्हिशाच्या कडेला लागली, तर तो व्हिसा खराब झालेला म्हणून नाकारला जाऊ शकतो.

नवा पासपोर्ट मिळाला की केंद्राच्या बाहेर पडण्याआधी, तिथल्या तिथेच, दोन्ही पुस्तिका शेजारी ठेवून तपासा. नावाचं प्रत्येक अक्षर, दोन रकान्यांतली विभागणी, जन्मतारीख, जन्मस्थळ. मग शेवटचं पान उघडा. तिथे आई-वडिलांची आणि जोडीदाराची नावं, पत्ता, आणि त्याखाली जुन्या पासपोर्टाचा क्रमांक, जारी केल्याची तारीख आणि ठिकाण छापलेलं असतं. ही एक ओळ तुमच्या दोन पुस्तिकांना जोडणारा सरकारी दुवा आहे. कुठल्याही देशाचा अधिकारी “हा जुना पासपोर्ट तुमचाच कशावरून?” असं विचारेल तेव्हा उत्तर तिथे आहे. तो क्रमांक चुकीचा छापलेला असेल तर लगेच तक्रार करा, घरी जाऊन नंतर बघू म्हणू नका. नंतर जुनी पुस्तिका उघडून व्हिशाचं पान बोटांनी चाचपून पाहा: कड फाटलेली नाही, शाई पसरलेली नाही, कोपरा कापताना लागलेलं नाही.

आणि व्हिसा स्टिकर जुन्या पासपोर्टातून सोलून नव्यात चिकटवायचा विचारसुद्धा मनात आणू नका. ते करणारे लोक आहेत. सोललेला व्हिसा त्या क्षणी बाद होतो आणि कागदपत्रात फेरफार केल्याचा संशय वर येतो तो वेगळाच.

अमेरिका: व्हिसा जुन्यात, पण खरी तारीख आय-९४ वर

अमेरिकेचा व्हिसा ‘ट्रान्सफर’ होत नाही आणि करायची गरजही नसते. जुन्या पासपोर्टातला व्हिसा वैध असेल, खराब झालेला नसेल आणि दोन्ही पासपोर्ट एकाच देशाचे, एकाच प्रकारचे असतील, तर दोन्ही घेऊन प्रवास करायचा. दाखवताना नवा पासपोर्ट वर, जुना व्हिशाच्या पानावर उघडून खाली. प्रवेशाची नोंद नव्यावर होते. इतकं साधं आहे.

गुंतागुंत दुसरीकडे आहे. अमेरिकेत किती दिवस राहता येईल हे व्हिशावर ठरत नाही, ते प्रवेशाच्या वेळी होणाऱ्या आय-९४ या नोंदीवर ठरतं. एच-१बी या नोकरीच्या व्हिशाची मंजुरी तीन वर्षांची असली तरी प्रवेशाच्या वेळी तुमचा पासपोर्ट वर्षभरात संपत असेल, तर सीमेवरचा अधिकारी आय-९४ पासपोर्ट संपण्याच्या तारखेपर्यंतच देऊ शकतो, आणि बऱ्याचदा तसंच देतो. माणूस आय-७९७ मंजुरीपत्राकडे बघून निर्धास्त असतो. मधल्या काळात नवा पासपोर्टही येतो. पण आय-९४ ची तारीख आपोआप पुढे सरकत नाही. ती उलटली की बेकायदा वास्तव्याचे दिवस मोजले जाऊ लागतात. १८० दिवसांच्या वर गेल्यावर देश सोडला तर तीन वर्षांची प्रवेशबंदी, एक वर्षाच्या वर गेल्यावर दहा वर्षांची.

यात सगळ्यात आधी अडकतात ती मुलं. लहान मुलांचा भारतीय पासपोर्ट पाच वर्षांचाच असतो. आई-वडिलांचे पासपोर्ट अजून सात वर्षं चालणारे, म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही की एच-४ या डिपेंडंट व्हिशावरच्या पोराची आय-९४ त्याच्या छोट्या पासपोर्टाच्या तारखेला कापली गेलीय. म्हणून दर प्रवेशानंतर, घरी पोचल्यावर, घरातल्या प्रत्येकाची आय-९४ सीबीपी या अमेरिकेच्या सीमा-तपासणी खात्याच्या संकेतस्थळावरून काढून पाहा. नवऱ्याची पाहिली म्हणजे सगळ्यांची पाहिली असं धरू नका.

ती शोधताना एक बारीक गोष्ट लक्षात ठेवा. नवा पासपोर्ट हातात आला तरी आय-९४ जुन्या क्रमांकावरच सापडते, कारण शेवटचा प्रवेश त्यावर झालेला असतो. नवा क्रमांक टाकून “नोंद नाही” आलं तर घाबरू नका.

तारीख कापली गेली असेल तर उपाय दोन. नव्या पासपोर्टासह देशाबाहेर जाऊन परत प्रवेश करायचा आणि अधिकाऱ्याला नवा पासपोर्ट, जुन्यातला व्हिसा आणि आय-७९७ दाखवून नवी आय-९४ मागायची. वैध अमेरिकन व्हिसा असलेल्या भारतीयाला मेक्सिकोत वेगळ्या व्हिशाशिवाय जाता येतं, म्हणून बरेच जण तिथे जाऊन येतात. जुन्यातला व्हिसाच संपलेला असेल तर मात्र हा रस्ता धरू नका. तीस दिवसांच्या आतल्या कॅनडा-मेक्सिको फेरीनंतर संपलेल्या व्हिशावरही परत येऊ देणारी जी स्वयंचलित सवलत मिळते ती चालू आय-९४ च्या आधारावरच मिळते, त्यातून तारीख वाढत नाही. दुसरा उपाय म्हणजे मुदत संपण्याआधी मालकाकडून मुदतवाढीचा अर्ज. सीबीपीचं डिफर्ड इन्स्पेक्शन कार्यालय प्रवेशाच्या नोंदीतली अधिकाऱ्याची चूक दुरुस्त करतं, पण पासपोर्टाच्या तारखेमुळे कापलेली मुदत बहुतेक वेळा चूक धरली जात नाही. कंपनीच्या इमिग्रेशन वकिलाला हे निदान तीन महिने आधी कळवा.

ग्रीन कार्ड असेल तर यातलं काहीच लागू नाही, कार्ड पासपोर्टाला बांधलेलं नसतं.

आखात: ‘नकल मालूमात’

रत्नागिरी, रायगड, सिंधुदुर्ग आणि गोव्यातल्या हजारो घरांचा संबंध इथे येतो. आखाती देशांनी पासपोर्टातला स्टिकर हळूहळू बंद केला. कतारने २०१५ पासून, कुवेतने २०१९ पासून, अमिरातीने २०२२ पासून राहण्याचा परवाना ओळखपत्रावर नेला. त्यामुळे ‘स्टिकर नव्यात मारून घ्या’ हा जुन्या माणसांचा सल्ला आता चालत नाही. ओळखपत्रामागच्या नोंदीत नवा पासपोर्ट क्रमांक घालावा लागतो.

सौदीत याला सगळे ‘नकल मालूमात’ म्हणतात. कामगाराची नोंद मालक किंवा कंपनीचा मंदूब (सरकारी कामं बघणारा माणूस) मुकीम किंवा अबशर बिझनेस या पोर्टलांवरून बदलतो. तुमच्या इकाम्यावर बायको-मुलं असतील तर त्यांची नोंद तुम्ही स्वतः अबशरवरून करायची, त्यासाठी कफीलची, म्हणजे प्रायोजक मालकाची गरज नाही. नवा पासपोर्ट मिळाला की त्याच आठवड्यात त्याची प्रत मंदूबला द्या, आणि “झालं” असं तोंडी ऐकून थांबू नका. अबशरमध्ये जाऊन पासपोर्ट क्रमांक नवा दिसतोय का ते स्वतः पाहा. नोंद बदलण्याआधी खुरूज-औदा (देशाबाहेर जाऊन परत येण्याची परवानगी) काढलात तर ती जुन्या क्रमांकावर निघते, म्हणून आधी नकल, मग रजेची कागदपत्रं, हा क्रम मोडू नका.

सुट्टीवर गावी आल्यावर पासपोर्ट करणाऱ्यांचं प्रकरण निराळं. खुरूज-औदा जुन्या क्रमांकावर निघालेली, भारतात तत्काळमधून पासपोर्ट नवा झालेला. अशा वेळी दोन्ही पुस्तिका, इकामा आणि खुरूज-औदाचा छापील कागद एकत्र घेऊन निघा. मुंबईच्या टर्मिनल दोनवर काउंटरवरचा मुलगा नवा पासपोर्ट मशीनमध्ये घालतो, स्क्रीनवर व्हिसा दिसत नाही, आणि तो मान हलवतो. तेव्हा वाद घालायचा नाही. जुना पासपोर्ट पुढे करायचा, नव्याचं शेवटचं पान उघडून जुन्या क्रमांकावर बोट ठेवायचं, खुरूज-औदाच्या कागदावरचा तोच क्रमांक दाखवायचा, आणि सुपरवायझरला बोलवायची विनंती करायची. या कामाला वेळ लागतो, म्हणून त्या दिवशी नेहमीपेक्षा तासभर लवकर पोचा. जमत असेल तर मात्र पासपोर्ट तिकडे असतानाच करून घ्यावा. रजेचे दिवस मोजके असतात आणि पोलीस पडताळणी कोणाच्या रजेसाठी थांबत नाही.

अमिरातीत दुबईचा व्हिसा असेल तर काम जीडीआरएफए या दुबईच्या इमिग्रेशन खात्याकडे, बाकी अमिरातींचा असेल तर आयसीपी या संघीय खात्याकडे. कंपनीची सरकारी कामं बघणारा पीआरओ करतो, नाहीतर आमेर सेंटर किंवा टायपिंग सेंटरमधून होतं. नवा पासपोर्ट, जुना पासपोर्ट, एमिरेट्स आयडी आणि पांढऱ्या पार्श्वभूमीचा फोटो एवढं जवळ असू द्या. कतारमध्ये मेट्राश अॅपमधून पासपोर्टाची माहिती बदलता येते. सगळीकडे एक नियम पाळा: नोंद बदलल्याचा पुरावा हातात आला तरी पुढचे एक-दोन प्रवास जुना पासपोर्ट बरोबर ठेवूनच करा.

ब्रिटन: खात्यातला पासपोर्ट बदला

ब्रिटनची बीआरपी, म्हणजे राहण्याच्या परवान्याची कार्डं ३१ डिसेंबर २०२४ ला संपली आणि सगळा कारभार ई-व्हिशावर गेला. नवा पासपोर्ट मिळाला की यूकेव्हीआय या ब्रिटनच्या व्हिसा विभागाकडच्या आपल्या ऑनलाइन खात्यात जाऊन तो जोडायचा. शुल्क नाही. पण नोंद लगेच होईलच असं नाही, म्हणून तिकीट उद्याचं असताना हे काम काढू नका. नोंद झाल्यावर ‘व्ह्यू अँड प्रूव्ह’मध्ये शेअर कोड काढून ठेवा, तो ९० दिवस चालतो आणि काउंटरवर अडलं तर उपयोगी पडतो.

वीस-पंचवीस वर्षांपूर्वी गेलेल्या मंडळींचा प्रश्न वेगळा आहे. त्यांचं कायम वास्तव्य म्हणजे जुन्या, कधीच संपलेल्या पासपोर्टातला शाईचा एक शिक्का. तो हक्क शाबूत आहे, पण विमान कंपनीला तो कळत नाही आणि घरमालकालाही नाही. त्यांनी ‘नो टाइम लिमिट’चा अर्ज करून तो ई-व्हिशात आणून घ्यावा. अर्ज मोफत आहे. ज्यांचे आई-वडील तिकडे एकटे राहतात त्यांनी हे काम बसून त्यांच्याकडून करून घ्यावं, कारण त्यांच्याच्याने ऑनलाइन ओळख पटवण्याचे टप्पे सहज होत नाहीत.

बाकीचे देश, थोडक्यात

ऑस्ट्रेलियात २०१५ पासून पासपोर्टात लेबल लावत नाहीत. व्हिसा पासपोर्ट क्रमांकाला संगणकात जोडलेला असतो, म्हणून इमीअकाउंट या ऑनलाइन खात्यात नवा क्रमांक घालून वेवो या व्हिसा तपासणीच्या सेवेवर तपासा. हे राहिलं तर बोर्डिंग पास मिळताना अडचण हमखास, कारण विमान कंपनीला नव्या क्रमांकावर व्हिसाच दिसत नाही.

जर्मनीत राहण्याचं कार्ड पासपोर्टाच्या मुदतीपलीकडचं सहसा देत नाहीत. परदेशी नागरिक कार्यालयात म्हणजे आउसलेंडरबेहोर्डमध्ये ‘युबरट्राग’ मागायचा, म्हणजे नव्या पासपोर्टावर नवं कार्ड मिळतं. त्याचं शुल्क ६७ युरो आहे. पैशांपेक्षा मोठी अडचण अपॉइंटमेंटची. मोठ्या शहरांत ती महिनोन्महिने मिळत नाही, म्हणून भारतीय पासपोर्टचा अर्ज टाकतानाच ती मागून ठेवा.

कॅनडात वर्क परमिट आणि स्टडी परमिट पासपोर्टाच्या तारखेपुढे देत नाहीत. म्हणजे तिथे अर्ज करण्याआधीच पासपोर्ट नवा करून घेणं शहाणपणाचं. दोन वर्षांचं परमिट मिळू शकत असताना पासपोर्ट अकरा महिन्यांचा आहे म्हणून अकराच महिने पदरात पडणं फार जिव्हारी लागतं, आणि पुन्हा अर्जाचं शुल्क भरावं लागतं ते वेगळं.

मुलांचा पासपोर्ट परदेशी, आणि ओसीआय

तिकडे जन्मलेल्या मुलांचा प्रवास उलटा असतो. पासपोर्ट अमेरिकन किंवा ब्रिटिश, आणि ओसीआय (परदेशी नागरिकत्व असलेल्या भारतीय वंशाच्या लोकांचं) कार्ड भारताचं. परदेशी पासपोर्ट बदलला की ओसीआय नव्याने काढावं लागतं ही समजूत अजून पक्की आहे. एप्रिल २०२१ पासून नियम सोपा झाला. वयाच्या विसाव्या वर्षानंतर पहिला पासपोर्ट निघेल तेव्हा एकदाच कार्ड पुन्हा जारी करून घ्यायचं. विसाव्या वर्षापर्यंत दर नव्या पासपोर्टावेळी, आणि पन्नाशीनंतर एकदा, नव्या पासपोर्टाची प्रत आणि ताजा फोटो ओसीआयच्या पोर्टलवर चढवायचा. पासपोर्ट मिळाल्यापासून तीन महिन्यांच्या आत. ही सेवा मोफत आहे. ओसीआयसोबत जुना पासपोर्ट बाळगण्याची अटही २०२१ मध्येच काढून टाकली, तरी मुलांबरोबर प्रवास असेल तर मी तो बॅगेत ठेवायलाच सांगेन. जागा किती लागते?

प्रवासाच्या दिवशी

तिकिटाच्या नोंदीत जुना पासपोर्ट क्रमांक गेला असेल तर विमान कंपनीच्या संकेतस्थळावर जाऊन नवा घाला. दोन्ही पुस्तिका एका साध्या प्लॅस्टिक कव्हरात ठेवा. पूर्वी त्या स्टेपल करून देत. आता करू नका, नव्या ई-पासपोर्टात चिप असते. जुना पासपोर्ट चेक-इन सामानात कधीही जाऊ देऊ नका, अगदी “तो तर रद्दच झालाय” असं घरचे म्हणाले तरी.

बँक, वाहन परवाना, विमा आणि कंपनीचं एचआर यांना नव्या पासपोर्टाची प्रत द्या. भारतातल्या एनआरई खात्याची केवायसी विसरली जाते आणि खातं गोठल्यावरच आठवते, तीही याच आठवड्यात उरकून टाका.

जुना पासपोर्टच हरवला तर

आधी स्थानिक पोलिसांत तक्रार आणि तिची प्रत. मग भारतीय दूतावासाला कळवणं आणि ज्या देशाचा व्हिसा त्यात होता त्या देशाच्या दूतावासालाही लेखी कळवणं. कार्डावर किंवा संगणकात परवाना असेल तर तो शाबूत आहे, फक्त नवा क्रमांक जोडायचा. पानावरचा व्हिसा मात्र पुस्तिकेबरोबर गेला. अमेरिकेचा व्हिसा अमेरिकेत बसून बदलून मिळत नाही. तिथलं वास्तव्य आय-९४ वर चालू राहतं, पण देशाबाहेर पडलात की परत येण्याआधी बाहेरच्या वकिलातीत नवा व्हिसा काढावा लागतो. अशा वेळी तिसऱ्या पायरीत घेतलेला स्कॅन आणि पोलीस तक्रारीची प्रत त्या अर्जाला जोडा, आणि हरवलेला पासपोर्ट नंतर सापडला तरी तो वापरू नका. हरवल्याची नोंद झालेला पासपोर्ट सीमेवर दाखवला की चौकशीसाठी बाजूला बसवलं जातं. सापडला तर तो दूतावासात नेऊन द्या आणि पोच घ्या.